बाळाला पाण्यात तरंगवणारी साधने: सुरक्षित रचना म्हणजे काय?

बाळाला पाण्यात तरंगत ठेवणाऱ्या वस्तूंना आपल्याकडे सरसकट 'फ्लोटर', 'ट्यूब' किंवा 'लाइफ जॅकेट' म्हटले जाते. ऑनलाइन दुकानात त्या एकाच पानावर शेजारीशेजारी दिसतात: मानेभोवती अडकवायची ट्यूब, पाय घालून बसायची छोटी होडी, दंडावर चढवायचे फुगे आणि पट्ट्यांचे जॅकेट. किमतीत फारसा फरक नसतो आणि चित्रातले बाळ सगळीकडे हसतच असते. प्रत्यक्षात या वस्तू तीन अगदी वेगळ्या कामांसाठी बनतात. काही खेळण्यासाठी असतात, काही पोहायला शिकण्यासाठी आणि थोड्याच जीव वाचवण्यासाठी.

बाळाला पाण्यावर उचलून धरणे ही रचनेतली सोपी बाजू आहे. त्यासाठी दोन-अडीच लिटर हवासुद्धा पुरते. अवघड काम पुढे आहे. बाळाने काहीच हालचाल केली नाही, ते साधनातून घसरले किंवा साधनातली हवा गेली, तरी त्याचे नाक-तोंड पाण्याबाहेर राहिले पाहिजे. सुरक्षित साधन आणि नुसते तरंगणारे साधन यांच्यातला फरक इथेच आहे.

धोका किती मोठा आहे?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये बुडण्याच्या घटनांवर जागतिक अहवाल प्रसिद्ध केला. त्यातील अंदाजानुसार २०२१ या एका वर्षात जगभरात सुमारे ३ लाख लोक बुडून मृत्युमुखी पडले आणि त्यांतील जवळपास एक चतुर्थांश ५ वर्षांखालील मुले होती. लहान मुलाला बुडायला नदी किंवा समुद्र लागत नाही. न्हाणीघरातली बादली, अर्धवट भरलेला टब, अंगणातला पाण्याचा हौद यांतले थोडेसे पाणीही पुरते. नाक आणि तोंड झाकले जाईल इतकी खोली तान्ह्या बाळासाठी धोक्याची असते.

लहान मूल बुडताना आवाज येईल, ते ओरडेल किंवा पाणी उडवेल, असा बहुतेकांचा समज असतो. श्वास घेण्यासाठीच धडपड चालू असताना ओरडता येत नाही. त्यामुळे बुडणे बहुतेक वेळा मुकाट्याने घडते आणि मिनिटभरात सारे संपू शकते. म्हणून 'काही झाले तर बाळ रडेल, मग आपण धावू' या भरवशावर कोणत्याही साधनाची रचना करता येत नाही.

बाळाचे शरीर मोठ्यांसारखे नसते

प्रौढांचे जॅकेट आकाराने लहान केले की बाळाचे जॅकेट तयार होत नाही. याची कारणे बाळाच्या शरीरातच आहेत.

पहिले कारण डोके. प्रौढ माणसात डोक्याची उंची शरीराच्या एकूण उंचीच्या साधारण एक अष्टमांश असते, तर नवजात बाळात ती जवळपास एक चतुर्थांश असते. त्यामुळे बाळाच्या वजनाचा मोठा वाटा शरीराच्या वरच्या टोकाला असतो आणि पाण्यात ते डोक्याच्या बाजूने कलंडते.

दुसरे कारण मान. बहुतेक बाळे चार महिन्यांच्या सुमारास मान धरू लागतात आणि सहा महिन्यांच्या आसपास आधाराविना बसू लागतात. तोंड पाण्याकडे वळले तर मान उचलून ते बाहेर काढण्याची ताकद त्याआधी नसते. नंतरही ती फार वेळ टिकत नाही.

तिसरे कारण शरीराची ठेवण. तान्ह्या बाळाला ठळक खांदे नसतात, कंबर नसते, नितंबही अरुंद असतात. अडकून राहावे असा उंचवटाच नसल्याने वरून घातलेली कोणतीही गोष्ट सहज सरकते. त्यातून आपल्याकडे आंघोळीआधी बाळाला तेल चोळतात. तेलकट, ओल्या अंगावर ट्यूबची पकड आणखी कमी होते.

चौथे कारण थंडी. बाळाच्या वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचे क्षेत्रफळ जास्त असते, त्यामुळे पाण्यात त्याचे शरीर लवकर गार पडते. गारठलेले बाळ मलूल होते आणि हालचाल थांबवते. साधन उत्तम असले तरी बाळाला पाण्यात ठेवण्याच्या वेळेला मर्यादा आहे.

तरंगण्याचे साधे गणित

आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार पाण्यात बुडालेली वस्तू जितके पाणी बाजूला सारते, तितक्या पाण्याच्या वजनाएवढे बल तिला वर ढकलते. यालाच प्लावक बल म्हणतात. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो, म्हणजे बलाच्या भाषेत सुमारे १० न्यूटन. म्हणून पूर्ण बुडालेली एक लिटर हवा साधारण १० न्यूटन आधार देते.

मानवी शरीराची घनता पाण्याच्या घनतेच्या अगदी जवळ असते. पूर्ण बुडालेले शरीर पाण्यात जवळजवळ वजनरहित होते. मात्र शरीराचा जो भाग पाण्याबाहेर काढावा, त्याचे वजन कोणीतरी पेलावे लागते. समजा नऊ किलोच्या बाळाच्या डोक्याचा दोन किलोचा भाग पाण्याबाहेर ठेवायचा आहे. त्यासाठी सुमारे २० न्यूटन, म्हणजे दोन लिटर हवा किंवा त्याहून किंचित जास्त फोम लागेल. लाटा, ओले कपडे आणि बाळाची हालचाल धरून रचनाकार यापेक्षा बरेच जास्त बल ठेवतात.

पण बल किती आहे, यापेक्षा ते कुठे लागते हे अधिक महत्त्वाचे आहे. शरीराचे वजन जिथे एकवटले आहे असे मानतात तो गुरुत्वमध्य आणि वर ढकलणारे बल जिथे लागते तो प्लावनमध्य. पाण्यात सोडलेली वस्तू हे दोन बिंदू एका उभ्या रेषेत येईपर्यंत फिरते. तरंगण्याचा आधार छातीवर आणि मानेमागे असेल तर छाती वर येते, पाठ खाली जाते आणि चेहरा आकाशाकडे वळतो. तोच आधार पाठीवर असेल तर चेहरा पाण्यात जातो. आधार फक्त कंबरेला असेल तर कंबर वर राहते आणि डोक्याकडचा जड भाग पुढे किंवा मागे झुकतो. कंबरेची ट्यूब बाळाच्या मांड्यांपर्यंत घसरली तर पाय वर आणि डोके खाली अशी स्थिती होते, आणि मग तीच ट्यूब बाळाला सरळ होऊ देत नाही.

भोपळ्यापासून दंडावरच्या फुग्यांपर्यंत

तरंगायला मदत घेण्याची कल्पना जुनी आहे. महाराष्ट्रात विहिरीत पोहायला शिकणाऱ्या मुलांच्या पाठीला वाळलेला भोपळा, पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा किंवा पत्र्याचा बंद डबा बांधत. पुढे ट्रकच्या टायरची ट्यूब आली. पाठीला बांधलेला डबा पोहणाऱ्याला पालथे तरंगवतो, म्हणजेच चेहरा पाण्याकडे ठेवतो. मान उचलता येणाऱ्या, हातपाय मारणाऱ्या सात-आठ वर्षांच्या मुलाला याची अडचण नसते. शिवाय दोर धरून कोणीतरी काठावर उभे असे. हीच रचना तान्ह्या बाळासाठी जीवघेणी ठरेल.

आज परिचित असलेल्या दंडावरच्या फुग्यांचे श्रेय जर्मनीतील हाम्बुर्गचे बर्नहार्ड मार्कविट्झ यांना दिले जाते. त्यांची लहान मुलगी तळ्यात पडून बुडता बुडता वाचली होती. त्यानंतर त्यांनी या प्रश्नावर काम केले आणि १९६४ मध्ये फुगवायचे दंडपट्टे तयार केले. कंबरेऐवजी दंडावर आधार दिल्याने तरंगण्याचे बल खांद्यांच्या पातळीवर, डोक्याच्या जवळ आले. कंबरेच्या ट्यूबच्या तुलनेत ही मोठी सुधारणा होती. पुढच्या काळात एकाच फुग्यात दोन स्वतंत्र कप्पे आले, त्यामुळे एक फुटला तरी दुसरा आधार देतो. तरीही मूल हात वर करते तेव्हा ओल्या दंडावरून हे फुगे निघू शकतात, आणि बेशुद्ध मुलाचा चेहरा ते वर वळवत नाहीत.

तीन गट, तीन वेगळी आश्वासने

पाण्यातल्या या साधनांची मानके वेगवेगळी आहेत आणि प्रत्येक मानक वेगळी हमी देते.

पहिला गट पाण्यातल्या खेळण्यांचा. उथळ पाण्यात, मोठ्यांच्या देखरेखीखाली खेळणे एवढाच यांचा हेतू असतो. त्यांच्या मानकात धारदार कडा, सुटे होणारे भाग, व्हॉल्व्हचे झाकण, रंग-रसायने यांची तपासणी होते. बाळ त्यात किती सुरक्षित तरंगेल, याची हमी नसते.

दुसरा गट पोहायला शिकण्याच्या साधनांचा. युरोपात त्यासाठी ईएन १३१३८ हे मानक आहे. त्याचे तीन भाग आहेत: अंगावर घालायची साधने, हातात धरायची साधने आणि मूल आत बसते अशी साधने. यात पकड, कप्प्यांची संख्या, उलटण्याचा धोका यांचा विचार होतो. मात्र ही साधनेसुद्धा शिकवणारा माणूस पाण्यात शेजारी आहे असे गृहीत धरतात.

तिसरा गट जीवरक्षक जॅकेटांचा. आयएसओ १२४०२ या आंतरराष्ट्रीय मानकात ५०, १००, १५० आणि २७५ अशा पातळ्या आहेत. ५० ची पातळी पोहता येणाऱ्यांसाठी, मदत जवळ असताना वापरायची. १०० ची पातळी शांत आणि संरक्षित पाण्यासाठी, १५० ची खुल्या समुद्रासाठी आणि २७५ ची अतिशय कठीण परिस्थितीसाठी. ५० च्या पातळीचे जॅकेट बेशुद्ध माणसाला उताणे करील अशी अपेक्षाच नसते. १०० आणि त्यावरच्या पातळ्यांकडून ती असते. हे आकडे प्रौढांच्या प्लावक बलावरून आले आहेत. मुलांच्या जॅकेटात त्यांच्या वजनानुसार कमी बल चालते, म्हणून बाळाच्या जॅकेटवर '१००' लिहिलेले असले तर तो कामगिरीचा दर्जा समजायचा, प्रत्यक्ष न्यूटन नव्हेत. पोहता न येणाऱ्या बाळाला ५० ची पातळी कामाची नाही.

मानेची ट्यूब: रचना कुठे चुकते?

गेल्या काही वर्षांत मानेभोवती घालायच्या ट्यूब समाजमाध्यमांमुळे लोकप्रिय झाल्या. बाळाचे डोके गोल ट्यूबच्या वर आणि बाकी शरीर पाण्यात मोकळे, असे ते दृश्य असते. काही विक्रेते त्या अगदी दोन आठवड्यांच्या बाळासाठीही सुचवतात. स्नायू बळकट होतात, झोप सुधारते, असे दावेही केले जातात.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जून २०२२ मध्ये या ट्यूब वापरू नयेत असा इशारा दिला. विशेष गरजा असलेल्या बाळांच्या जलोपचारासाठी त्यांचा वापर होत होता आणि त्यात एका बाळाचा मृत्यू झाला, तर एकाला रुग्णालयात दाखल करावे लागले. बुडणे, गुदमरणे आणि मानेला ताण किंवा इजा होणे हे धोके प्रशासनाने नोंदवले. स्पायना बिफिडा, डाउन सिंड्रोम, सेरेब्रल पाल्सी यांसारख्या स्थितीतील बाळांना हा धोका अधिक असू शकतो आणि अशा वापराचे फायदे सिद्ध झालेले नाहीत, असेही सांगितले. त्याच वर्षी अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने अशा एका ट्यूबबाबत स्वतंत्र इशारा दिला. बाळे ट्यूबच्या मधल्या छिद्रातून खाली निसटल्याच्या तक्रारी त्यामागे होत्या.

रचनेच्या दृष्टीने पाहिले तर कारण स्पष्ट होते. या ट्यूबमध्ये बाळाला धरून ठेवणारी जागा एकच असते: हनुवटी आणि कवटीचा खालचा भाग. छातीला पट्टा नसतो, मांड्यांमधूनही नसतो. ट्यूब पूर्ण फुगलेली असेल तोवर छिद्र लहान राहते. हवा थोडी कमी झाली की छिद्र सैल होते, हनुवटी आत सरकते आणि चेहरा थेट पाण्याखाली जातो. ट्यूब घट्ट बसवावी तर मान आवळते, सैल ठेवावी तर बाळ निसटते. 'सुरक्षित' म्हणावी अशी जागा या दोहोंच्या मध्ये जवळजवळ उरत नाही. शिवाय बिघाड झाल्याची खूण दिसत नाही, कारण ट्यूब पाण्यावर तशीच तरंगत राहते.

बसायची होडी आणि टबातली बैठक

पाय घालून बसायच्या फुगीर होड्यांमध्ये बाळाचा सगळा भार मधल्या बैठकीवर येतो. २००९ मध्ये अमेरिकेत अशा सुमारे ४० लाख होड्या बाजारातून परत मागवण्यात आल्या. बैठकीचे पट्टे फाटून मुले पाण्यात पडल्याच्या ३१ तक्रारी आल्या होत्या. तरंगणारी बाहेरची कड शाबूत असूनही बाळ खाली जाऊ शकते, हे त्यातून दिसले. उलटण्याचा धोका वेगळाच. बैठक उंच असेल तर बाळाचा गुरुत्वमध्य वर जातो, आणि एका बाजूला वाकून पाणी पकडायला गेलेले बाळ होडीसकट कलंडते. तेव्हा त्याचे पाय बैठकीत अडकलेले असतात. म्हणून चांगल्या रचनेत बैठक खोल, कड रुंद आणि पायाची छिद्रे बाळ खाली सरकणार नाही इतकी लहान ठेवतात.

आंघोळीच्या टबात बसवायची खुर्ची तर तरंगण्याचे साधनच नाही. ती फक्त बाळाला बसते ठेवते. ती कलंडली किंवा बाळ पायाच्या छिद्रातून सरकले तर बुडण्याचा धोका असतो. अमेरिकेने २०१० मध्ये या खुर्च्यांसाठी मानक बंधनकारक केले आणि त्यात खुर्चीची स्थिरता आणि छिद्रांचा आकार यांवर कडक अटी घातल्या. अपघातांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा आढळते: बाळ खुर्चीत नीट बसलेले पाहून मोठी व्यक्ती 'एका मिनिटासाठी' बाहेर गेलेली असते.

बाळाच्या जीवरक्षक जॅकेटात काय असते?

बाळाच्या चांगल्या जॅकेटातला प्रत्येक भाग एखाद्या विशिष्ट बिघाडावरचा उपाय असतो.

- मानेमागचा मोठा कॉलर: मान न धरणाऱ्या डोक्याला उशीसारखा आधार देतो आणि डोके मागे किंवा बाजूला पाण्यात पडू देत नाही.
- छातीवरचा जाड फोम: प्लावनमध्य पुढे आणतो, त्यामुळे बाळ उताणे होते. पाठीवर मुद्दाम कमी फोम ठेवतात.
- मांड्यांमधून जाणारा पट्टा: जॅकेट वर सरकून डोक्यावरून निघू नये म्हणून. खांदे आणि कंबर नसलेल्या बाळासाठी हा पट्टा सर्वांत महत्त्वाचा आहे.
- कॉलरवरची पकड: पाण्यात पडलेल्या बाळाला एका हाताने उचलून घेण्यासाठी. तिची शिवण बाळाचे वजन आणि ओल्या कपड्यांचा भार पेलणारी हवी.
- बकल: मोठ्यांना ओल्या हातांनी लावता यावे, पण बाळाला सहज उघडता येऊ नये.
- रंग: भडक नारिंगी, पिवळा किंवा गुलाबी. निळा आणि पांढरा रंग पाण्यात हरवतो. परावर्तक पट्टी अंधारात बॅटरीच्या उजेडात चमकते.

जॅकेट वयावरून निवडायचे नसते, वजनावरून निवडायचे असते. अमेरिकेत शिशूंच्या जॅकेटांची मर्यादा साधारण ३० पौंड, म्हणजे सुमारे १३.६ किलो असते. मोठ्या जहाजांच्या आंतरराष्ट्रीय नियमांत १५ किलोपेक्षा कमी वजन आणि १०० सेंटिमीटरपेक्षा कमी उंची असलेल्यांना शिशू मानतात. 'वाढत्या अंगाचे' म्हणून एक माप मोठे घेण्याची सवय कपड्यांच्या बाबतीत चालते, जॅकेटच्या बाबतीत नाही.

हवा की फोम?

फुगवायची साधने स्वस्त आणि घडी घालून नेता येण्याजोगी असतात, पण टाचणीएवढे छिद्रही त्यांना निकामी करते. तापमानाचाही परिणाम होतो. उन्हात ४० अंशांपर्यंत तापलेली ट्यूब २५ अंशांच्या पाण्यात टाकली, तर आतली हवा सुमारे ५ टक्के आकसते. काठावर घट्ट वाटलेली ट्यूब पाण्यात सैल पडते ती यामुळेच. म्हणून फुगवायच्या साधनात किमान दोन स्वतंत्र कप्पे, हवा परत बाहेर जाऊ न देणारा व्हॉल्व्ह आणि आत दाबून बसणारे, साधनाला जोडलेले झाकण असावे लागते. एक कप्पा पूर्ण रिकामा झाला तरी बाळाचे तोंड पाण्याबाहेर राहते का, ही खरी परीक्षा.

बंद पेशींच्या फोममध्ये हवा लाखो सूक्ष्म कप्प्यांत अडकलेली असते. तो फाटला तरी तरंगतो. जहाजांवरील जॅकेटांसाठी अट अशी आहे की गोड्या पाण्यात २४ तास बुडवून ठेवल्यावर त्यांचे प्लावक बल ५ टक्क्यांहून जास्त घटता कामा नये. बाळांसाठी फोमच योग्य मानला जातो. ओढून किंवा आपोआप फुगणारी प्रौढांची जॅकेटे बाळांना वापरत नाहीत.

साधनाचा पदार्थही पाहावा लागतो. बाळ हाताला येईल ते तोंडात घालते. पीव्हीसी मऊ करण्यासाठी वापरली जाणारी काही थॅलेट रसायने मुलांच्या वस्तूंमध्ये ०.१ टक्क्यापर्यंतच मर्यादित ठेवण्याचा नियम युरोपात आणि भारतीय खेळण्यांच्या मानकातही आहे.

चाचणी कशी करतात?

प्रौढांच्या जॅकेटची चाचणी माणसांना पाण्यात उतरवून करता येते. त्यांना अंग सैल सोडायला सांगतात, पालथे करतात आणि जॅकेट किती सेकंदांत उताणे करते ते मोजतात. बाळाला 'अंग सैल सोड' असे सांगता येत नाही आणि पालथे करून पाहणेही योग्य नाही. म्हणून बाळाच्या वजनाचे आणि घनतेचे पुतळे वापरणे आणि आधी प्रमाणित केलेल्या संदर्भ जॅकेटशी नव्या जॅकेटची तुलना करणे, हे मार्ग वापरले जातात. पाण्यापासून तोंडाची उंची, चेहरा वर वळण्यास लागणारा वेळ, शरीराचा कल आणि उचलताना पट्ट्यांची पकड हे मोजमापाचे मुद्दे असतात. पुतळा मात्र हातपाय झाडत नाही, पाठ ताणून कमान करत नाही. चिडलेले बाळ हे सगळे करते. म्हणून चाचणीत उतरलेले जॅकेटही प्रत्येक बाळाला घालून, उथळ पाण्यात हाताचा आधार ठेवून पाहावेच लागते.

भारतात काय परिस्थिती आहे?

भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. त्यासाठीचे मुख्य मानक आयएस ९८७३. पाण्यातली खेळणीही त्यात येतात. बाळाच्या ट्यूबवर हे चिन्ह असेल तर ती खेळणे म्हणून तपासली गेली, एवढाच त्याचा अर्थ होतो. ती जीव वाचवील, असा अर्थ होत नाही. ज्या आंतरराष्ट्रीय मानकावर हे भारतीय मानक आधारलेले आहे, त्यात जाहिरातीबाबत एक महत्त्वाची अट आहे: देखरेखीविना मूल सुरक्षित राहील, असे शब्दांतून किंवा चित्रातून सुचवता येत नाही. पाण्यात एकटेच तरंगणारे, आसपास कोणीही मोठे नसलेले बाळ दाखवणारी जाहिरात पाहताना ही अट आठवावी.

बोटीच्या प्रवासात प्रश्न वेगळा होतो. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईच्या समुद्रात गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकली आणि १५ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर या मार्गावर प्रवाशांना लाइफ जॅकेट घालणे बंधनकारक करण्यात आले. ही गरजेची सुधारणा होती. पण प्रौढांचे जॅकेट तान्ह्या बाळाला घालून उपयोग होत नाही, कारण पाण्यात पडताच जॅकेट वर तरंगते आणि बाळ त्यातून खाली निसटते. आंतरराष्ट्रीय सफरीवरच्या प्रवासी जहाजांना म्हणूनच वेगळी शिशू-जॅकेटे ठेवावी लागतात. २४ तासांपेक्षा कमी सफरीत त्यांची संख्या प्रवासीसंख्येच्या किमान २.५ टक्के आणि त्याहून मोठ्या सफरीत जहाजावरच्या प्रत्येक शिशूसाठी एक, असा नियम आहे. बंदरातल्या किंवा खाडीतल्या छोट्या बोटींना तो लागू नाही. त्यामुळे बाळाला घेऊन मांडवा, घारापुरी किंवा एखाद्या जलाशयात बोटीने जाताना बाळाच्या मापाचे जॅकेट सोबत नेणे किंवा चढण्याआधी विचारून घेणे शहाणपणाचे ठरते.

बाळाला ओढणीने किंवा झोळीने स्वतःच्या अंगाला बांधून त्यावर जॅकेट घालणेही धोक्याचे आहे. जॅकेट एका शरीरासाठी बनलेले असते, आणि छातीशी बांधलेल्या बाळाचा चेहरा पाण्यातच राहण्याची शक्यता असते.

विकत घेताना आणि वापरताना

1. साधनावर खेळण्याचे मानक आहे, शिकण्याचे आहे की जीवरक्षक जॅकेटचे, ते आधी वाचावे. कोणतेच मानक नसेल तर घेऊ नये.
2. वजनाची मर्यादा पाहावी आणि बाळाचे वजन करूनच माप निवडावे.
3. जॅकेट घालून, पट्टे बांधून, खांद्यांजवळ धरून अलगद वर उचलावे. हनुवटी किंवा कान जॅकेटच्या आत गेले तर ते मोठे आहे.
4. मानेची ट्यूब वापरू नये, डॉक्टरी उपचाराच्या नावाखालीही नाही.
5. फुगवायचे साधन आदल्या दिवशी फुगवून ठेवावे. सकाळी सैल वाटले तर टाकून द्यावे. चिकटपट्टी लावून वापरू नये.
6. तेल लावलेल्या अंगावर कोणतेही साधन चढवू नये.
7. पाण्यात असताना बाळ कायम हाताच्या अंतरावर असावे. फोन बाजूला ठेवावा. पाळीने लक्ष ठेवत असतील तर या घडीला कोणाची पाळी आहे, ते बोलून ठरवावे.
8. खेळ संपल्यावर टब, बादली आणि छोटा पूल लगेच रिकामा करावा. ट्यूब पाण्यात तरंगत ठेवू नये, कारण रांगणारे बाळ तिच्याकडे ओढले जाते.

अमेरिकी बालरोगतज्ज्ञांची संघटनाही फुगवायच्या साधनांना सुरक्षेचे साधन मानत नाही आणि लहान मुलांवर हात पोहोचेल इतक्या अंतरावरून लक्ष ठेवायला सांगते. पोहण्याचे शिक्षण एक वर्षानंतर सुरू केल्यास उपयोग होऊ शकतो, असे तिचे मत आहे. त्याआधी बाळाला पाण्याची ओळख करून देण्याचा आनंद जरूर घ्यावा, पण त्या वयाचे बाळ पोहायला शिकून सुरक्षित होत नाही.

चांगल्या रचनेमुळे वेळ मिळतो. बाळ अचानक पाण्यात पडले तर उत्तम जॅकेट त्याचा चेहरा आकाशाकडे ठेवते, आणि तेवढ्या वेळात कोणीतरी त्याची पकड धरून त्याला बाहेर काढायचे असते. म्हणूनच बाळाच्या जॅकेटला उचलण्याची पकड असते: ती धरणारा हात जवळ असेल, असे रचनाकाराने आधीच गृहीत धरलेले असते.